क्षमा कोणी करायची?



12 सप्टेंबर 2022 ला नागपूरच्या विमानतळावर एका बिशपला अटक झाली. पी. सी. सिंह, जबलपूरचे बिशप आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे मॉडरेटर, म्हणजे त्या चर्चचे सर्वात मोठे पुढारी. जर्मनीहून परतत होते. चार दिवस आधी मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेने त्यांच्या घरावर छापा घातला, तेव्हा सुमारे 1 कोटी 65 लाखांची रोकड सापडली होती. शाळांतल्या पोरांच्या फीचा पैसा भलतीकडे वळवला, असा आरोप. 29 नोव्हेंबर 1970 ला सहा चर्च एकत्र येऊन ही संस्था जन्माला आली, तीही याच नागपुरात.

आरोप खरा की खोटा ते कोर्ट ठरवील. आपला प्रश्न वेगळा आहे. धर्माचा पुढारी खरोखरच घसरला, तर त्याच्या माणसांनी काय करायचं?

अशा वेळी दोन आवाज उठतात. बाहेरचा म्हणतो, “पाहा, पाद्रीही चोरच!” आतला म्हणतो, “देवाचा माणूस आहे, बोलू नये. प्रभूने क्षमा शिकवली.” पहिल्याला तमाशा पाहिजे, दुसऱ्याला झाकण पाहिजे. ज्या पोरांची फी गेली, त्यांची आठवण दोघांनाही नाही.

तुम्ही म्हणाल, ख्रिस्ती लोकांची भानगड, आपल्याला काय? अरे, नगर-जालन्याकडच्या चर्चमध्ये जाऊन पाहा, बाकावर कोण बसलंय. कालचे महार-मांगच बसलेत. एकाच वेशीबाहेरून आपण वेगवेगळ्या वाटांनी निघालो. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलतींतून दोघेही बाहेर राहिले. बौद्धांना त्या 1990 ला मिळाल्या, त्यांना अजून नाहीत. त्यांचं पोर बुडालं तर ते आपल्याच नात्यातलं बुडालं.

आणि आपलं घर तरी कुठे स्वच्छ आहे? 3 ऑक्टोबर 1957 ला याच नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, त्याचे पुढे किती तुकडे झाले ते मोजत बसा. वसतिगृहाचं अनुदान, जयंतीची वर्गणी, ट्रस्टची जागा, कुठे काही बोंब उठली की आपणही म्हणतो, “जाऊ दे न भाऊ, आपलाच माणूस आहे.” त्यांची क्षमा आणि आपलं ‘जाऊ दे’, यात फरक काय?

माझं म्हणणं एवढंच. क्षमा करायचा हक्क ज्याचं गेलं त्याचा. धुणीभांडी करून जिनं पोराची फी भरली, त्या बाईला विचारलं का कोणी? तिच्या वतीनं कमिटीनं क्षमा केली तर ती क्षमा नव्हे, तो दुसरा दरोडा.

ख्रिस्ती मित्र म्हणतील, पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, तरी मेंढरं त्याच्याच हाती दिली ना? दिली. पण पेत्र जिवाच्या भीतीनं घसरला, गरिबाच्या ताटातलं त्यानं उचललं नव्हतं. शिवाय ज्याला नाकारलं, त्यानंच माफ केलं. पैशाची गोष्ट पाहायची तर जक्कय पाहा. तो जकातदार. फसवून घेतलेलं चौपट परत करायला तयार झाला. त्यांच्याच ग्रंथात हिशेब आधी मांडलेला आहे.

आपल्या धम्मात तर हे आणखी स्पष्ट आहे. विनयात चार पाराजिक दोष आहेत, चोरी त्यातली एक. तो दोष घडला की भिक्खू भिक्खू राहत नाही, मग तो कितीही मोठा असो. पण त्याला जिवंत जाळा असं कुठे सांगितलेलं नाही. उपासक म्हणून तो जगू शकतो. अंगुलिमालासारख्या खुन्याला बुद्धानं जवळ केलं. पण श्रावस्तीत भिक्षेला गेल्यावर लोकांचे दगड त्याच्या डोक्यावर पडले, तेव्हा बुद्धानं त्याला सांगितलं, सहन कर. माणूस स्वीकारला म्हणून केलेलं पुसलं गेलं नाही.

म्हणून पद काढा, हिशेब घ्या, पैसे वसूल करा, गरज पडली तर पोलिसांत जा. पण त्याच्या घरावर बहिष्कार टाकू नका, त्याच्या बायकोपोरांना टोचू नका. ज्यांचं पाणी गावानं तोडलं, त्यांनी कोणाचं पाणी तोडायचं नसतं. तो उद्या खरोखर बदलून आला तर सतरंजीवर आपल्या शेजारी बसू द्या. तिजोरीची किल्ली मात्र पुन्हा देऊ नका.

14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेब इथल्याच, सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरलेले होते. त्या दिवशी त्यांनी चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली आणि मग लाखोंना स्वतः 22 प्रतिज्ञा दिल्या. चोरी करणार नाही, ही त्यातलीच एक. ती पुढाऱ्याला वेगळी आणि झाडूवाल्याला वेगळी दिली नव्हती. त्याआधी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत त्यांनीच बजावलं होतं की राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. भक्त हिशेब मागत नाही. म्हणून पुढारी घसरतो, आणि घसरल्यावर भक्तच त्याला उचलून पुन्हा खुर्चीवर बसवतो.

वर्षावास संपला की भिक्खू पवारणा करतात. माझा दोष पाहिला असेल, ऐकला असेल, शंका असेल तर सांगा, असं प्रत्येक जण संघाला विनवतो. खुद्द बुद्धानंही भिक्खूंना तसं विचारलं होतं. मग आपल्या अध्यक्षाला, सेक्रेटरीला, खजिनदाराला विचारायला लाज कसली?

येत्या जयंतीच्या बैठकीत ढोल-डीजेची चर्चा नंतर करा. आधी मागच्या वर्षीची वही उघडायला लावा, आणि ती वस्तीतल्या बायांसमोर मोठ्यानं वाचायला लावा. वर्गणी त्यांनी दिलेली आहे. काही कमी निघालं, तर माफ करायचं की नाही ते त्या सांगतील.