त्यांची जातच तशी

आम्ही पाच मित्र दर शनिवारी रात्री व्हिडिओ कॉलवर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. तिघं पुण्यात, एक बंगळुरूला, एक म्युनिकला. खेळ माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. एक जण गोष्ट रचतो आणि सांगतो, त्याला डीएम म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. काय करायचं ते तुम्ही ठरवता, जमलं की फसलं ते फासे ठरवतात.

मागच्या पावसाळ्यात आम्ही एका गुहेत शिरलो. गावकऱ्यांची गुरं पळवणाऱ्या गॉब्लिनांचा बंदोबस्त करायचा होता. दीड तास लढाई चालली, सगळे गॉब्लिन मेले. मग डीएम म्हणाला, “आतल्या बाजूला चटईवर सहा-सात पोरं बसली आहेत. गॉब्लिनांचीच. सगळ्यात मोठं तुमच्या कमरेएवढं. रडत नाहीयेत, नुसती बघताहेत. काय करता?”

पावणेदोन वाजले होते. मला झोप येत होती. मी म्हणालो, “मारून टाकू. उद्या मोठी होऊन हेच करणार. त्यांची जातच तशी.”

दोघं हसले. एक जण हसला नाही. त्याचा माइक म्यूट झाला आणि दोन मिनिटांनी ‘सकाळी लवकर कॉल आहे’ असं चॅटमध्ये लिहून तो गेला. इंजिनिअरिंगपासूनचा मित्र. त्याच्या आडनावावरून गावात आणि नंतर हॉस्टेलवर त्याला काय काय ऐकावं लागलं, ते त्यानं एकदा गच्चीवर बसून मला सांगितलं होतं. त्यात हे वाक्य होतं. अगदी हेच.

मी स्वतःची समजूत घातली की मी गॉब्लिनांबद्दल बोललो, आणि गॉब्लिन नसतातच. जे नाहीतच त्यांचा अपमान कसा होईल? युक्तिवाद बिनतोड वाटत होता, तरी झोप लागली नाही.

एका ओळीत सिद्ध

आमच्या ग्रुपसाठी मी एक छोटं वेब ॲप लिहिलंय. त्यात प्रत्येकाच्या पात्राची माहिती असते: ताकद, चपळाई, बुद्धी, वगैरे. हा खेळ १९७४ साली आला, आणि तेव्हापासून पुढची अनेक दशकं त्याच्या नियमांत ‘रेस’ नावाचा एक रकाना होता. एल्फ निवडलात की चपळाई वाढते. २०१६ च्या एका पुस्तकात ऑर्कसाठी आकडे होते ताकद अधिक दोन, बुद्धी उणे दोन. मी ते आकडे टाइप केले, टेस्ट पास झाल्या, कोड पुश केला. मनात काहीही आलं नाही.

त्या रात्री मी ती ओळ पुन्हा उघडून बघितली. ती काय म्हणते? ऑर्कचं पोर कुठेही जन्मू दे, कुणीही वाढवू दे, कुठल्याही शाळेत जाऊ दे, त्याच्या बुद्धीतून दोन वजा होणार. जन्मालाच. अपवादाची सोय नाही.

वंशवाद नेमकं हेच म्हणत आलाय. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सॅम्युएल मॉर्टन नावाच्या डॉक्टरनं शेकडो कवट्या जमवून, त्यांच्या पोकळ्या मोजून वंशांची उतरंड लावली होती. ती टिकली नाही. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन यांनी माणसांमधल्या जनुकीय फरकांचा हिशेब मांडला. सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आतला निघाला. ज्यांना आपण वेगवेगळे ‘वंश’ म्हणतो त्यांच्यामधला वाटा जेमतेम ६ टक्के. म्हणजे आपल्या जगात ‘त्यांचा स्वभावच तसा, बुद्धीच तेवढी’ हा नुसता दावा आहे, आणि तो खोटा आहे.

फँटसीत मात्र हा दावा खरा असतो. जे कवट्या मोजून साधलं नाही ते इथे एका ओळीत साधतं, कारण लेखकानं तसं लिहिलं. माझी अडचण इथे सुरू होते. फँटसी वंशवादी मतं मांडते असं मी म्हणत नाही. ती अनेकदा असं जग बांधते, जिथे वंशवादी माणूस बरोबर असतो.

ऑर्कलाही नोकरी सोडायची असते

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मी चार वेळा वाचलंय, त्यामुळे हे प्रेमानंच लिहितोय. १९३८ मध्ये एका जर्मन प्रकाशकानं टोल्किनना ते आर्यवंशीय आहेत का असं विचारलं. त्यांच्या उत्तराचा जो मसुदा उपलब्ध आहे, त्यात त्यांनी प्रकाशकाची चांगलीच हजेरी घेतली आहे. आपले पूर्वज ज्यू नाहीत याची त्यांनी खंत व्यक्त केली. याच माणसानं १९५८ च्या एका पत्रात ऑर्क कसे दिसतात ते सांगताना युरोपीय नजरेला कुरूप वाटणाऱ्या मंगोल चेहऱ्यांचा दाखला दिला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चांगला माणूसही आपल्या काळाच्या प्रतिमा उचलून वापरतो.

पण मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते पुस्तकातले दोन प्रसंग. एकात सॅमच्या समोर शत्रूकडचा दक्षिणेचा एक माणूस मरून पडतो. सॅमच्या मनात येतं की याचं नाव काय असेल, हा खरंच दुष्ट होता की कुणीतरी खोटं सांगून किंवा धमकावून त्याला इतक्या लांब आणलं? दुसरा प्रसंग मॉर्डरच्या सीमेवरचा. शॅग्रॅट आणि गॉर्बॅग हे दोन ऑर्क बोलत बसतात. वरिष्ठांच्या नावानं कुरकुरतात. युद्ध संपलं की चार भरवशाची पोरं घेऊन कुठेतरी निघून जाऊ, जिथे डोक्यावर बॉस नसेल, असं एक जण म्हणतो. लुटालूटच करायचीय त्यांना, संत नाहीत ते. पण हा संवाद मी माझ्या ऑफिसच्या कँटीनमध्येही ऐकलाय.

मेलेल्या माणसाचं नाव काय असेल, हा प्रश्न ऑर्कच्या बाबतीत कुणी विचारत नाही. ऑर्क आले कुठून यावर टोल्किन आयुष्यभर अडखळत राहिले. पकडून आणलेल्या एल्फांना छळून, बिघडवून ते बनवले, असं ‘सिल्मरिलियन’मध्ये येतं. पुढच्या टिपणांत त्यांनी वेगळी उत्तरंही करून पाहिली. कारण ते श्रद्धावान कॅथलिक होते आणि जन्मतःच उद्धाराबाहेर असलेला बोलता जीव त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हता. बग त्यांना दिसला होता, पण दुरुस्त करायला गेलं की अख्खी गोष्ट हलत होती.

बुद्धिबळातलं प्यादं

यावर नेहमीचा आक्षेप असा, की बुद्धिबळात काळं प्यादं मारताना कुणी रडत नाही, मग ऑर्कचं एवढं काय? गोष्ट आहे, मजा घ्या.

आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मलाही खलनायक नसलेली फँटसी नकोय. पण प्याद्याला भाषा नसते, भूक नसते, पोरं नसतात. ऑर्कला लेखक हे सगळं देतो, कारण त्याशिवाय तो भीतिदायक किंवा मजेशीर होत नाही. आणि मारायची वेळ आली की दिलेलं सगळं परत काढून घेतो. रंगत यावी म्हणून माणूस, मारताना मात्र वस्तू. दोन्ही एकदम हवंय. वाचताना मलाही दोन्ही एकदम हवं होतं. नुसत्या खलनायकासाठी याची गरज नसते. सारुमान दुष्ट आहे, कारण त्यानं एकेक पाऊल टाकत ते निवडलं. गॉब्लिनच्या पोरानं अजून काहीच निवडलेलं नाही.

‘गोष्टीतला वंश म्हणजे रूपक, त्यातून सहिष्णुता शिकायची’ हा दुसरा बचाव. १९६३ पासूनचे ‘एक्स-मेन’ घ्या. म्युटंटांचा द्वेष म्हणजे अल्पसंख्याकांचा द्वेष. पण सायक्लॉप्सच्या डोळ्यांतून खरोखर भिंत फोडणारे किरण निघतात. त्याला घाबरणारा शेजारी पूर्वग्रहदूषित नाही, त्याच्याकडे कारण आहे. म्हणजे रूपकाच्या पोटात एक कबुली लपलेली असते की हे लोक खरंच धोकादायक आहेत, तरी त्यांच्याशी चांगलं वागा. ‘डिस्ट्रिक्ट नाइन’ हा २००९ चा सिनेमा वर्णभेदाच्या इतिहासातून आलाय. १९६६ मध्ये केप टाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग फक्त गोऱ्यांचा ठरवून तिथल्या हजारो लोकांना हुसकावलं गेलं होतं. सिनेमात परग्रहवासीयांसाठी आपला जीव तुटतो. आणि त्याच सिनेमात नायजेरियन माणसं नरभक्षक गुंड म्हणून येतात. नायजेरियाच्या सरकारनं त्यावर जाहीर आक्षेप घेतला. काल्पनिक ‘दुसऱ्या’साठी रडताना खरा ‘दुसरा’ असा पायाखाली येऊ शकतो.

एन. के. जेमिसिन यांनी ‘ब्रोकन अर्थ’ मालिकेत हा पेच टाळला नाही. त्यांच्या जगात काही माणसं भूकंप आवरू शकतात, घडवूही शकतात, आणि भडकली तर आजूबाजूचे सगळे मरतात. धोका शंभर टक्के खरा. तरी लहान मुलांना पकडून, मोडून, वापरण्याचा हक्क त्यातून निघतो का? या मालिकेच्या तिन्ही भागांना २०१६ ते २०१८ सलग ह्यूगो पुरस्कार मिळाला. मी त्यातून घेतलं ते हे: फरक खरा आहे की खोटा हा एक प्रश्न, आणि कुणाला कसं वागवायचं हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरातून दुसऱ्याचं उत्तर आपोआप निघत नाही. माझ्या गुहेतल्या वाक्यानं ते काढलं होतं.

गेडचा रंग

दुसऱ्या वर्षाला असताना अर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही १९६८ ची कादंबरी मी मोबाइलवर वाचली. माझ्या डोक्यातला गेड गोरा, निळ्या डोळ्यांचा, इंग्रज शाळकरी मुलासारखा होता. पुढे कधीतरी ले ग्विन यांचा लेख हाती आला. २००४ च्या टीव्ही मालिकेत गेडची भूमिका गोऱ्या नटाला दिली म्हणून त्या संतापल्या होत्या. मी पुस्तक पुन्हा उघडलं. गेड तांबूस-तपकिरी रंगाचा आहे, असं स्पष्ट लिहिलंय. त्याचा जिवलग मित्र काळा आहे. गोरे लोक येतात ते सुरुवातीला हल्ला करायला.

हे सगळं मी वाचलं होतं, आणि माझ्याच हाताच्या रंगाचा नायक मला दिसला नव्हता. कुणी लपवला नव्हता. मीच त्याच्यावर चुना फासला होता.

त्याच सुमाराची अमेरिकेतली गोष्ट. सॅम्युएल डिलेनी यांनी लिहून ठेवलंय, की त्यांची ‘नोव्हा’ ही कादंबरी क्रमशः छापायला जॉन कॅम्पबेल या मातब्बर संपादकांनी नकार दिला. कादंबरी आवडली होती, पण नायक काळा असल्यामुळे वाचकांना जवळचा वाटणार नाही, हे कारण. मला त्या संपादकाचा राग आला. मग लक्षात आलं, की ज्या वाचकाला ते घाबरत होते तो मीच होतो.

राक्षसाच्या बाजूनं गोष्ट वाचायची सवय आपल्याकडे नव्हती असंही नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त पुराणातल्या असुरांना इथलेच मूळचे लोक मानलं आणि बळीला त्यांचा राजा. हे पुस्तक त्यांनी अर्पण केलं ते काळ्यांची गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. फुल्यांच्या मांडणीतला आर्य-अनार्य वंशभेद आंबेडकरांना मान्य नव्हता. जात म्हणजे वंश नव्हे, हे त्यांनी ठासून सांगितलं. म्हणून मीही दोन्ही एकच आहेत असं म्हणत नाही. पण आपल्या भाषेत आंब्याची जात असते, कुत्र्याची जात असते आणि माणसाचीही जात असते. तीन अर्थांना शब्द एकच. त्यामुळे माझ्या तोंडून गॉब्लिनबद्दल निघालेलं वाक्य माझ्या मित्रापर्यंत पोचायला कुठलंही भाषांतर लागलं नाही.

चाळीस मिनिटं

खेळ बनवणाऱ्यांनीही हे बदललंय. २०२४ च्या नियमपुस्तकात ‘रेस’ऐवजी ‘स्पीशीज’ आलं आणि क्षमतांचे वाढीव गुण जन्माऐवजी पात्राच्या आधीच्या आयुष्यावरून मिळू लागले. मी आमचं ॲप तसं करून घेतलं. रकान्याचं नाव बदललं, उणे दोन काढून टाकलं, जुना डेटा हलवला. चाळीस मिनिटं लागली. ग्रुपवर टाकलं, ‘अपडेट केलंय’. मित्रानं अंगठा दिला. मला वाटलं, मिटलं.

गुरुवारी मी त्याला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तोच म्हणाला, “ॲप बदललंस ते बरं केलंस. पण मी ॲपवर चिडलो नव्हतो रे.”

मी सॉरी म्हणालो. ते म्हणायला मला पाच आठवडे लागले होते. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “त्या पोरांचं पुढे काय होतं, ते खेळायचंय मला.”

आता तेच चाललंय. आम्ही पोरांना घेऊन गावात आलो. डीएमला सातही जणांना नावं द्यावी लागली. गेल्या तीन शनिवारांत एकही लढाई झालेली नाही, कारण गाव त्यांना आत घ्यायला तयार नाही. गावचा पाटील म्हणतो, राहू देत, पण वेशीबाहेर. डीएमनं हे सहज टाकलं की मुद्दाम, मी विचारलेलं नाही. या वेळी माझा मित्र कॉल सोडून गेला नाही. त्यानं माइक चालू केला आणि पाटलाशी बोलायला लागला.