काय पाहिलंस, सांग

गेल्या रविवारी मामा जेवायला आले होते. दुपारी मी, माझी बारावीतली मुलगी आणि मामा, अशा तिघांनी मिळून चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ पाहिला. मी तो २०१५ साली थिएटरात पाहिलेला होता. तेव्हा मैत्रिणीनं “कसा आहे गं?” असं विचारलं आणि मी सांगून टाकलं, “चांगला आहे, पण फार संथ आहे.” दहा वर्षं माझं त्या चित्रपटाबद्दलचं म्हणणं तेवढंच होतं. मत दिलं आणि मी मोकळी झाले.

मामांनी तालुक्याच्या कोर्टात बेंच क्लार्क म्हणून उभी हयात काढली. चित्रपट चालू असताना ते काही बोलले नाहीत. फक्त एका जागी पाठ ताठ करून पुढे सरकून बसले. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते ऐकतात आणि आपल्या शब्दांत टायपिस्टला सांगतात, ती जागा. चित्रपट संपल्यावर मी म्हटलं, “मामा, संथ वाटला का?”

“संथ कुठला? तारीख पडते तेव्हा असंच असतं,” मामा म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, “माणूस दहा वाक्यं बोलतो. कागदावर दोन उतरतात. वरच्या कोर्टात ती दोनच जातात. मी आयुष्यभर ती दोन वाक्यं फायलीला लावत आलो. उरलेली आठ कुठं गेली, असं मला कधी कुणी विचारलं नाही. ह्या पोरानं विचारलं बघ.”

मुलगी मात्र सरकारी वकील बाईंपाशी अडकली होती. गीतांजली कुलकर्णी यांनी केलेली ती नूतन. कोर्टात लोकशाहीर नारायण कांबळेंवर कलमांमागून कलमं वाचणारी ही बाई संध्याकाळी लोकलनं घरी जाते, मुलाला घेऊन येते, सगळ्यांचा स्वयंपाक करते. मुलगी म्हणाली, “घरी गेल्यावर मला तिचा राग धरता येईना. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्या म्हाताऱ्या माणसाला आत ठेवायला सांगतेच. दोन्ही खरं कसं असेल गं आई?”

ह्या वेळी मलाही काहीतरी नव्यानं दिसलं. गटारात उतरून मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते. नवरा कसं काम करायचा ते ती सांगते. आत जीव घेणारा वायू आहे की नाही हे कळायला त्याच्यापाशी यंत्र नव्हतं. आत झुरळ हलताना दिसलं की तो समजायचा, उतरायला हरकत नाही. कांबळेंच्या गाण्यामुळे ह्या माणसानं आत्महत्या केली, असा खटला आहे आणि त्याची बायको शांतपणे झुरळाविषयी सांगते आहे. अख्ख्या खटल्याचा निकाल त्या झुरळात आहे. दहा वर्षांपूर्वी हे वाक्य माझ्या कानावरून गेलं होतं, कारण मी तेव्हा चित्रपट कधी वेग घेईल याची वाट बघत होते.

शेवटी कोर्टाला सुट्टी लागते. दालनातले दिवे एकेक करत मालवले जातात, पडदा काळा होतो. २०१५ साली मी तेव्हा पर्स उचलली होती आणि आजूबाजूचे काहीजण उठलेही होते. पण चित्रपट संपलेला नसतो. न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात, दुपारी बाकावर डुलक्या घेताना दिसतात. पोरं त्यांना दचकवतात. ते एकाला थप्पड मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. बस्स. तेव्हा मला हे उगाच जोडलेलं शेपूट वाटलं होतं. परवा मामा म्हणाले, “ज्याला लागली तो रडतो. ज्यानं मारली तो झोपतो.” ह्यावर आम्ही तिघंही काही वेळ गप्प बसलो.

एकाच घरात, एकाच पडद्यावर आम्ही एकच चित्रपट पाहिला. पण मामांनी कागद पाहिला, मुलीनं स्वयंपाकघर पाहिलं, मी झुरळ पाहिलं. बोललो नसतो तर प्रत्येकाला आपापला तुकडाच मिळाला असता.

रात्री भांडी आवरताना हाच विचार मनात होता. मराठीत ‘मत’ हा शब्द दोन कामं करतो. निवडणुकीत आपण मत देतो आणि चित्रपटालाही मत देतो. मतपेटीत टाकलेल्या मताला कारण द्यावं लागत नाही. ते मोजलं जातं. निवडणुकीत तेच योग्य आहे. पण चित्रपटाबद्दल आपण जेव्हा ‘कडक’ किंवा ‘बकवास’ एवढंच म्हणतो, पाचपैकी किती तारे ते सांगतो, मध्यंतरातच फोनवरून निकाल कळवतो, तेव्हा आपण मोजणीत भर घालतो. समोरच्याच्या हाती आपलं पाहणं काही लागत नाही.

आपली भाषा मात्र शहाणी आहे. ‘परीक्षण’ म्हणा किंवा ‘समीक्षा’ म्हणा, दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘ईक्ष्’ हा धातू आहे आणि त्याचा अर्थ पाहणं. सगळीकडून पाहणं, नीट पाहणं. निवाडा त्यानंतर येतो. चित्रपट समजून घ्यायला शिकवणाऱ्या वर्गांनाही आपण ‘रसास्वाद’ हा शब्द दिला. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म संग्रहालयानं असे वर्ग वर्षानुवर्षं चालवले. मुंबईत १९६८ साली सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्यांनी चित्रपट दाखवले आणि त्यावर लोकांना बोलतं केलं. दिवे लागल्यावर उठून न जाता, शेजारच्याला काय दिसलं ते ऐकत बसायची सवय त्यांनी कितीतरी जणांना लावली.

खरं तर आपल्याकडे चित्रपट पहिल्यापासूनच सांगत सांगत पाहिला गेला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, तो मूकपट होता. मूकपटांमध्ये मधूनमधून मजकुराच्या पाट्या येत. ज्याला वाचता येई तो मोठ्यानं वाचे आणि ज्याला येत नसे तो ऐके. अनोळखी माणूस अनोळखी माणसाला चित्रपट सांगत असे. पुढे चित्रपट बोलू लागला, पण सांगण्याची रीत राहिली. तालुक्याला जाऊन पिक्चर बघून आलेला माणूस चार दिवस आळीत मानाचा असे. लोक त्याला ‘कसा होता’ असं विचारत नसत. ‘सांग की’ असं म्हणत.

आमच्या घरात पिक्चर सांगायची ती आई. कणीक मळता मळता सांगायची. ती गोष्ट पडद्यापासून कधीच सुरू करायची नाही. तिकिटाच्या रांगेपासून सुरू करायची. रांगेत कोण भेटलं, शेजारी कोण बसलं, पंखा चालू होता की नाही, मग पाट्या, मग गोष्ट. आम्ही भावंडं पोळ्या थांबवून ऐकायचो.

१९९१ साली ‘माहेरची साडी’ आमच्या तालुक्याच्या टॉकीजला लागला. अलका कुबल यांची ती सोशीक लक्ष्मी बघायला खेड्यापाड्यांतून बायका एसटी भरभरून येत होत्या. मी तेव्हा पुण्यात कॉलेजला होते आणि सुट्टीत घरी आले होते. आई तो पिक्चर बघून उशिरा परतली. डोळे सुजलेले होते. पदर खोचून ती कणीक मळायला बसली आणि सांगायला लागली, “रांगेत ही गर्दी. आत गेले तर शेजारी एक बाई बसली होती...”

मी तिला तिथंच तोडलं. “आई, बायकांना रडवायचं म्हणून काढलाय तो पिक्चर. तू कशी काय फसलीस त्याला?”

आई काही बोलली नाही. कणीक मळत राहिली. त्यानंतर तिनं मला कधीही पिक्चर सांगितला नाही. मला हे जाणवायलाही बरीच वर्षं गेली.

त्या चित्रपटाबद्दलचं माझं मत आजही बदललेलं नाही, हे सांगायला हवं. सोसण्यातच बाईचा मोठेपणा आहे, असं सांगणारी गोष्ट मला तेव्हा पटली नव्हती आणि आताही पटत नाही. मत असावं, ठाम असावं आणि मोकळेपणानं मांडावं. प्रत्येक चित्रपटाला छानच म्हणायचं, असं मुळीच नाही. चूक मताची नव्हती. मी ते आधी दिलं, ही चूक होती. आईचं पाहणं सांगून व्हायच्या आत मी निकाल वाचला आणि मामा म्हणाले तसं, तिची दहाच्या दहा वाक्यं फायलीबाहेर राहिली.

आपण दिलेला निकाल शेवटचा असतो, असंही नाही. ‘सामना’ पहिल्यांदा लागला तेव्हा त्याकडे लोक फारसे फिरकले नाहीत. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात जाऊन आला आणि मग त्याच चित्रपटाला गर्दी झाली. चित्रपटात एक फ्रेमही बदलली नव्हती, बघणारे बदलले होते. माझ्या ‘फार संथ’चंही तेच झालं. म्हणून आता मी स्वतःला एक सवय लावून घेते आहे. कुणी चित्रपट बघून आलं की ‘कसा होता’ असं विचारायचं नाही. ‘काय पाहिलंस’ असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येतं. दुसऱ्याला देता येत नाही. आणि मला कुणी विचारलं, तर आधी एक दृश्य सांगायचं, त्यात मला काय दिसलं ते सांगायचं आणि मत त्याच्या मागून येऊ द्यायचं. समोरच्याला दुसरंच काही दिसलं असेल, तर माझं म्हणणं खोडण्याआधी त्याला ते सांगता येईल एवढी जागा ठेवायची.

रविवारी निघताना मामा चपला घालत म्हणाले, “ताई पिक्चर काय सांगायची! लहानपणी आम्ही तिच्या तोंडूनच निम्मे पिक्चर बघितले. हल्ली कशी काय सांगत नाही कोण जाणे.”

रात्री मी आईला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हटलं, “आई, तू ‘माहेरची साडी’ बघून आली होतीस ना, तेव्हा सांगत होतीस. शेजारी एक बाई बसली होती. मी मध्येच बोलले. पुढं काय झालं?”

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, फोन कट झाला. मग आईचा आवाज आला, अगदी तसाच, कणीक मळताना यायचा तसा.

“शेजारी एक बाई बसली होती. तुझ्याएवढीच असेल तेव्हाच्या. मांडीवर तान्हं होतं. मध्यंतरात तिनं मला शेंगा दिल्या. म्हणाली, लग्न झाल्यापासून चार वर्षं माहेरी धाडलं नाही. पिक्चर संपला, दिवे लागले, सगळे उठले. ही उठेना. मी म्हटलं, चल बाई, शेवटची एसटी चुकेल. तर म्हणाली, चुकू दे. मग मी बसले तिच्यापाशी. तिला स्टँडवर पोचवलं, गाडीत बसवलं, तेव्हा घरी आले. उशीर झाला होता ना मला त्या दिवशी? तेच सांगत होते तुला.”