तण ओळखावे कशावरून?

कोलशेत हे खाडीकाठचे गाव आता ठाणे शहरात सामावले असून तेथे उंच इमारती झाल्या आहेत. तरी गावाच्या नावात शेत राहिलेच आहे. हा ठाणे जिल्हा भाताचा. गहू नाशिक-नगरकडील बांधवांचा. परंतु तणाची चिंता दोघांसही सारखीच, आणि तीत नीतीचा एक प्रश्न दडला आहे. त्याचा आज विचार करू.

गव्हातील चंदनबटवा रुंद पानावरून कोणासही ओळखता येतो. खरी अडचण गव्हासारख्याच दिसणाऱ्या गवताची. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील निदण ते अशाच जातीचे. ओंबी येईपर्यंत ते निवडता येत नाही. उपटू गेल्यास गुंतलेल्या मुळांबरोबर गहूही निघतो. म्हणून तेथील धनी कापणीपर्यंत थांबावयास सांगतो.

भातातही रानटी भात असतो. बेणणी करणारा हात जे रोप वेगळे दिसेल ते उपटतो. जे हुबेहूब भातासारखे, ते वाचते व बी टाकते. असे पुष्कळ वर्षे चालले म्हणजे तण अधिकाधिक पिकासारखे होत जाते. हे सोंग त्यास शिकविले कोणी? आमच्याच हाताने! पूर्वीच्या मध्यप्रांतात ह्यावर उपाय म्हणून जांभळ्या पानांचे भात लावीत, की हिरवे दिसेल ते उपटावे. परंतु दोहोंचा संकर होऊन काही वर्षांनी रानटी भातही जांभळा निघू लागला.

वाचकहो, माणसांची पारख आपण कशावरून करितो? जेथे पोशाख, गोड भाषा व पुढचे आसन पाहून सज्जन ठरवितात, तेथे लबाड मनुष्य ती चिन्हे लवकरच शिकून घेतो. आणि उपटला जातो तो साधा, अडखळत बोलणारा, आपल्याहून निराळा दिसणारा.

तर मग नेहमीच स्वस्थ बसावे काय? येथे भातशेतकरी आपणांस सावध करितो. रानटी भाताचे दाणे कापणीपूर्वीच झडून जमिनीत पडतात. म्हणून कापणीची वाट पाहणारा पुढील वर्षाचे तणच पेरून ठेवितो. ह्यास्तव लोंबीवरून ओळख पटताच शहाणा शेतकरी ते झाड काढून टाकितो. शिवाय तो आधीच जपतो: राब भाजून तणाचे बी जाळितो, निवडलेले बियाणे पेरितो, आणि चिखलात लावणी करून पाणी बांधितो, म्हणजे रोप पुढे जाते व नवे तण सहसा रुजत नाही.

ह्यावरून आम्हांस असे दिसते की, पान पाहून कोणास उपटू नये. परंतु एखाद्याच्या कृत्याने अनाथाची जमीन जात आहे किंवा लेकरास इजा होत आहे हे उघड झाल्यावर गप्प राहणे ही सहनशीलता नव्हे. ते बी झडू देणे होय, आणि त्याची बेणणी आपल्या मुलांस करावी लागेल.