सात अंगठ्या आणि एक शेगडी

जानेवारी २०१९. अमेरिकन गायिका अरियाना ग्रांडे हिचं ‘सेव्हन रिंग्ज’ हे गाणं नुकतंच आलं होतं आणि चांगलं गाजत होतं. त्या आनंदात तिने गाण्याचं नाव जपानी लिपीत तळहातावर गोंदवून घेतलं, फोटो टाकला आणि जपानी चाहत्यांना हसू आवरेना. ‘सात अंगठ्या’ हे जपानीत पाच अक्षरांत लिहितात. तळहातावर सुई फार दुखते म्हणून तिने मधली तीन गाळली, पहिलं आणि शेवटचं तेवढं ठेवलं. ही दोन शेजारी आली की शब्द होतो ‘शिचिरिन’. म्हणजे मासे-बिसे भाजायची छोटी कोळशाची शेगडी.

मग दुरुस्ती झाली. गाळलेल्यांपैकी ‘बोट’ हे अक्षर तिने वाढवून घेतलं, पण ते मध्ये बसायचं ते खाली बसलं. आता वाचणाऱ्याला आधी शेगडी दिसते, मग बोट. चटका बसणारच. यातली खरी गंमत अशी की ही बाई जपानी शिकत होती. न शिकणाऱ्यांची कथा तर आणखी वेगळी.

पाश्चात्त्य देशांतल्या गोंदणाच्या दुकानांत एक तक्ता फिरत आला आहे. ए पासून झेडपर्यंत रोमन अक्षरं आणि प्रत्येकासमोर एक चिनी चिन्ह. गिऱ्हाइकाने नाव सांगायचं, कारागिराने तक्त्यावरून उतरवायचं. आता चिनी लिपीत ‘ए’ नाही आणि ‘बी’ही नाही. तिथलं एकेक चिन्ह म्हणजे उच्चार आणि अर्थ दोन्ही अंगी असलेला जवळजवळ अख्खा शब्द. तक्त्यावरून गोंदलेलं लाडक्या लेकीचं नाव चिनी माणसाला कसं दिसत असेल? आपल्यासमोर कुणी दंड पुढे करावा आणि त्यावर ‘मीठ गाय उत्तर फळी’ असं लिहिलेलं असावं, तसं. तक्ता बाजूला ठेवून खरं चिन्ह निवडलं तरी धोका टळत नाही. ‘मोठा’ या चिन्हाला वर उजवीकडे एक टिंब पडलं की ‘कुत्रा’ होतो, तेच टिंब खाली गेलं की चिनीत ‘अती’, जपानीत ‘लठ्ठ’. आणि सुई घेऊन बसलेल्याला ते टिंब शाईचा ठिपका वाटू शकतं.

ज्यांच्याकडून ही अक्षरं उसनी घेतली, त्यांच्याकडे कातडीवरच्या अक्षराचा इतिहास मात्र फारसा शोभिवंत नाही. प्राचीन चीनमध्ये पाच मोठ्या शिक्षांपैकी एक म्हणजे गुन्हेगाराचा चेहरा गोंदणं. त्या शिक्षेचं नाव आणि ‘शाई’ हा शब्द एकच. जपानमध्ये अठराव्या शतकापासून गुन्हेगारांच्या दंडावर पट्टे गोंदत, काही प्रांतांत कपाळावर. मेजी सरकारने १८७२ मध्ये गोंदणावरच बंदी घातली, ती १९४८ मध्ये उठली. बंदी उठली, संशय उरला. गोंदण म्हटलं की याकुझा टोळ्या आठवतात, म्हणून गरम पाण्याच्या अनेक स्नानगृहांत गोंदणवाल्यांना आजही प्रवेश नाही. दंडावर बिनचूक ‘शौर्य’ मिरवत आलेल्या पर्यटकाला तिथे दारातच, कमरेत वाकून, अतिशय नम्रपणे परत पाठवतात.

इथवर हसणं सोपं होतं. आता फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमकडे येऊ. त्याने बायकोचं नाव हातावर देवनागरीत गोंदवून घेतलं आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनी जगभर बोभाटा केला की स्पेलिंग चुकलं, मध्ये एक ‘एच’ जादा आहे. हिंदीच्या हिशेबाने ते खरं, हिंदीत ‘विक्टोरिया’ लिहितात. पण त्याच्या हातावर आहे ‘व्हिक्टोरिया’. व्हिस्कीतला व्ह, व्हॅनमधला व्ह, आपल्या जुन्या व्हिक्टोरिया टर्मिनसचा व्ह! जगाने चूक म्हणून दाखवलेला तो हात मराठी माणसाला एका नजरेत बरोबर वाचता येतो. बेकहॅमला मराठी येत नाही आणि कारागिराच्या मनातही मराठी असण्याचं काही कारण नाही. अक्षरं दोघांच्या नकळत आपल्या घरात येऊन बसली. मग चूक नेमकी कुणाच्या वहीतली? मला तरी ते गोंदण तपासणाऱ्यांचीच जास्त मौज वाटते.

वाचता न येणाऱ्याला अक्षर चित्रासारखं दिसतं. म्हणून तर ते अंगावर घ्यावंसं वाटतं. इंग्रजीत ‘करेज’ गोंदवून घ्यायला जो लाजेल, तो त्याच अर्थाचं परकं चिन्ह खुशाल मिरवतो. हे मला बेकहॅमच्या आधीपासून ठाऊक होतं, आजीमुळे. तिच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरवे ठिपके होते, ते सुईने टोचलेले. डाव्या हातावर मात्र तिचं नाव होतं, जत्रेतल्या मशीनवाल्याने काढलेलं. तिला अक्षरओळख नव्हती. पाहुण्यांना चहा देताना ती तो हात पुढे करी. मी तिसरीत होतो, नुकता ऱ्हस्व-दीर्घाचा नाद लागला होता. एकदा चारचौघांत मी ते नाव वाचलं आणि म्हणालो, ‘आजी, यात वेलांटी चुकलीय.’

‘असू दे की. मला कुठं वाचायचंय?’ ती म्हणाली आणि पाहुणे हसले. मग तिने पदर ओढून घेतला आणि कपबश्या उजव्या हाताने गोळा केल्या.