चौथे ऋण

आपल्याकडे माणूस देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे घेऊनच जन्माला येतो. कॅलिफोर्नियात घर घेणाऱ्याला चौथे चिकटते: गटाराचे! १९८२ च्या मेलो-रूस कायद्याने नव्या वस्तीच्या रस्ते-गटारांसाठी कर्जरोखे काढता येतात. तिथे नोंदलेले बारा मतदारही नसतील, तर जमीनमालकाला एकरी एक मत. म्हणजे बिल्डरच सूचक, बिल्डरच अनुमोदक! फेड मात्र मागाहून राहायला येणाऱ्यांच्या करातून. मग घरमालकांत वाद: कर्ज काढण्याचा हा अधिकार ठेवावा की काढून घ्यावा? काढावा, तर राहिलेल्या रस्त्याचे काय? ठेवावा, तर अजून न आलेल्या शेजाऱ्याच्या नावावर आणखी उधारी! माझे म्हणाल, तर ठेवावा. पण हात वर करणाऱ्याने हप्ताही भरावा. आपल्या पितरांनीसुद्धा बिचाऱ्यांनी त्यांच्या पितरांची श्राद्धे घातलीच होती की!