"डोकं दुखतंय" म्हणणाऱ्यावर विश्वास

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



या खेपेचा विषय आपल्याच एका चुकीतून आलाय. ती कुणा एकाची नाही, आपल्या सगळ्यांची आहे. म्हणून आधी ती कबूल करू, मग पुढचं बोलू.

आपले एक गुरुबंधू धारवाडहून हुबळीला येताना नवलूरजवळ स्कूटरवरून पडले. हेल्मेट होतं. रक्त आलं नाही, शुद्धही हरपली नाही. दवाखान्यात सीटी स्कॅन झालं, रिपोर्ट नॉर्मल आला. आपण हात जोडले, "सद्गुरूंनी वाचवलं" म्हणालो. पुढच्या गुरुवारी ते भजनालाही आले. पण टाळ सुरू झाले आणि पाच मिनिटांत ते उठून बाहेर चपलांपाशी जाऊन बसले, दोन्ही कानांवर हात ठेवून.

पुढचे चार-पाच गुरुवार हेच. कधी म्हणायचे ट्यूबलाइट सोसत नाही. कधी मानेपासून टाळूपर्यंत विजेसारखी चमक उठते, कधी डोक्याच्या कातडीवर मुंग्या येतात, बोटं बधिर होतात. हरिपाठ तोंडपाठ असलेला माणूस मधेच अडकायचा. आणि आपण काय म्हणालो? एक जण म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग मनाचं आहे. नाम वाढवा." दुसरे म्हणाले, "प्रारब्ध आहे, भोगूनच संपतं." आणखी कुणी हसत म्हणालं, "भजनाचा कंटाळा आला असेल." मग ते यायचेच थांबले. चार महिन्यांनी वहिनी दुर्गदबैलच्या बाजारात भेटल्या तेव्हा कळलं, की जप घरी रोज चालू आहे, दिवा मंद करून, मनातल्या मनात. "तुमच्यात यायचं म्हटलं की त्यांना लाज वाटते हो," असं त्या म्हणाल्या.

लाज खरं तर आपल्याला वाटायला हवी होती.

तर प्रश्न असा आहे: दुसऱ्याचं दुखणं आपल्याला कळतं कशावरून?

न्यायदर्शनात ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पाय मोडला तर प्लास्टर प्रत्यक्ष दिसतं, आपण लगेच खुर्ची सरकवतो. अंग गरम लागलं की तापाचं अनुमान होतं. डोक्याच्या आतली कळ मात्र दिसत नाही आणि हाताला लागत नाही. मग आपण तुलना करतो: "माझंही दुखतं की कधीकधी, चहा घेतला की उतरतं." इथेच आपण फसलो. मराठीत 'डोकेदुखी' आणि कानडीत 'तलेनोवु', दोन्ही शब्द आपण कटकटीलाही वापरतो. शाळा बुडवायचं पहिलं निमित्तही तेच. म्हणून हे वाक्य आपल्या कानाला स्वस्त वाटतं.

शेवटी उरतं एकच प्रमाण, शब्द. म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. अशा माणसाला शास्त्र 'आप्त' म्हणतं, आणि आपण मराठीत आप्त म्हणतो ते आपल्या माणसांना! सद्गुरूंचा शब्द आपण पुरावा न मागता मानतो. पण वीस वर्षं शेजारी बसून टाळ वाजवणाऱ्याच्या "दुखतंय" या एका शब्दाला आपण पुरावा मागितला.

आणि पुरावा म्हणून जो रिपोर्ट धरला, तो काय सांगतो हे तरी कुठे समजून घेतलं? डोक्याला झटका बसला की मेंदू कवटीच्या आत हादरतो. याला डॉक्टर कन्कशन म्हणतात. त्यासाठी शुद्ध हरपावीच लागते असं नाही. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि मोडलेलं हाड शोधतं. ते नाही म्हणजे जिवाला तातडीचा धोका नाही, एवढाच नॉर्मलचा अर्थ. हादरलेल्या मेंदूचं बिघडलेलं काम त्या फोटोत सहसा येत नाही. बहुतेकांना काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत बरं वाटतं. काहींना मात्र तीन महिन्यांनंतरही त्रास राहतो: डोकेदुखी, चक्कर, उजेड-आवाज न सोसणं, झोप बिघडणं, शब्द न आठवणं. त्याच झटक्यात मानही दुखावते, आणि मानेतून डोक्याच्या मागच्या बाजूला जाणाऱ्या नसा चिडल्या की तशी चमक आणि मुंग्या येऊ शकतात. म्हणजे बंधू सांगत होते ते शब्दन् शब्द खरं होतं.

दासबोधाच्या तिसऱ्या दशकात समर्थांनी त्रिविध ताप सांगितलेत. बाहेरच्या भूतांच्या, वस्तूंच्या संयोगाने होतो तो आधिभौतिक, आणि देहाच्या, इंद्रियांच्या आत उठतो तो आध्यात्मिक. हे दुखणं रस्त्यावर आधिभौतिक म्हणून लागतं आणि आत शिरून आध्यात्मिक होतं. आपल्या बोलण्याने आपण त्यात बाहेरून पुन्हा भर घातली, असंच म्हणावं लागेल.

कुणी म्हणेल, मनाची ताकद असली की माणूस उठतोच. आपल्या मुंबईच्या संदीप पाटीलचं उदाहरण सगळे देतात. जानेवारी १९८१ मध्ये सिडनी कसोटीत त्याच्या डोक्यावर चेंडू बसला, आणि त्याच महिन्यात अ‍ॅडलेडला त्याने १७४ धावा केल्या. खरंच मोठी गोष्ट. पण भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर १९६२ मध्ये बार्बाडोसला डोक्यावर चेंडू लागून पडला. कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाल्या, जीव वाचला, पण तो पुन्हा कसोटी खेळला नाही. त्याचं धैर्य कमी होतं असं कोण म्हणेल? मार कुठे, किती बसला, हे धैर्यावर ठरत नाही. आता तर कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू देण्याचा नियम २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये आहे. जे मैदानाला उमगलं, ते सत्संगाला उमगायला नको?

आता प्रारब्धाचं. प्रारब्ध आपण मानतो, त्यात बदल नाही. पण तो शब्द कुणी कुणासाठी वापरायचा? माझं दुखणं सोसताना मी म्हणालो, "हे माझं प्रारब्ध," तर तो माझा धीर होतो. तेच वाक्य दुसऱ्याला ऐकवलं, की ती माझी सुटका होते. मग त्याच्यासाठी काही करायला नको! "मी देह नव्हे" याचंही तसंच. सिद्धारूढांच्या हुबळीत अद्वैत सहज ओठावर येतं. पण हे वाक्य प्रथमपुरुषी आहे. कळा सोसणाऱ्याला "तू देह नव्हेस" सांगणं हे ज्ञान नव्हे, निष्ठुरपणा आहे.

रामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग झाला तेव्हा शिष्यांनी प्रारब्धावर हवाला ठेवला नाही. त्यांना उपचारासाठी कलकत्त्यात आणलं, डॉ. महेंद्रलाल सरकारांना दाखवलं, आणि काशीपूरच्या बागेतल्या घरात नरेंद्र आणि इतर तरुण शिष्यांनी १८८६ च्या ऑगस्टपर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत, पाळ्या लावून रात्रंदिवस सेवा केली. गुरूच्या देहाची सेवा ही जर साधना, तर गुरुबंधूच्या देहाची का नाही?

जे स्वतः हे सोसताहेत त्यांनाही दोन शब्द. दुखणं लपवणं म्हणजे तितिक्षा नव्हे. आज किती दुखतंय ते खरं सांगा, वाढवू नका, कमीही करू नका. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग झेपेल तसं हळूहळू चालणं-फिरणं, असं डॉक्टर सांगतात. महिनोन् महिने अंधारात पडून राहणंही बरं नाही. दुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने रोज घेऊ नका, त्यांच्या अतिवापरानेच डोकेदुखी वाढते. पडल्यानंतर वारंवार उलटी, वाढत जाणारी दुखी, झापड, बरळणं, झटके किंवा एका बाजूची ताकद जाणं असलं काही दिसलं, तर तीर्थ-अंगारा नंतर, आधी दवाखाना. हुबळीत किम्स आहे, धारवाडात डिमहान्स आहे. डिमहान्स पूर्वी मनोरुग्णालय होतं म्हणून पाऊल अडखळतं, पण तिथे मेंदूच्या आणि नसांच्या विकारांवरही उपचार होतात. जाण्यात कसला कमीपणा? नाम आणि औषध एकमेकांच्या आड येत नाहीत.

गेल्या गुरुवारी आपण त्या बंधूंच्या घरी गेलो. पाचच जण, टाळ न घेता. ट्यूबलाइट बंद, फक्त समई. कुणी उपदेश केला नाही. "आज किती दुखतंय?" एवढंच विचारलं. ते म्हणाले, "आज बरंच आहे," आणि आपण मान डोलावली. वीस मिनिटं मूक जप झाला. निघताना त्यांनीच विचारलं, "पुढच्या गुरुवारी याल ना?"

दुखी गेलेली नाही. कधी जाईल तेही कुणी सांगू शकत नाही. पण आता दर गुरुवारी आपल्यातले चौघं-पाच जण तिकडे जातील. ज्यांना यायचंय त्यांनी बुधवारी रात्रीपर्यंत गटात कळवावं. मोबाईल घरी ठेवून यावं, अत्तर लावू नये, आणि दारातून हळू बोलावं.

आपल्या शेजारी असं मूक दुखणं घेऊन कोण बसलंय, ते ओळखायचे कान आपल्याला मिळोत, हीच सद्गुरुचरणी प्रार्थना.

॥ श्री सद्गुरुचरणार्पणमस्तु ॥ 🙏