वीरगळ आणि पायरी

कात्रजचा घाट ओलांडून खेडोपाडी कीर्तनाला जाणे होते. कोठे मारुतीच्या देवळापाशी, कोठे शिवालयाच्या अंगणात उभा कोरीव दगड दिसतो. त्याला वीरगळ म्हणतात. खालच्या चौकटीत वीर लढता लढता पडलेला. गाई कोरलेल्या असल्या तर गोधन सोडवताना कामी आला असे समजावे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला नेत आहेत. वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती. पण बहुतेक वीरगळांवर नावच नाही!

येथे शंका निघते. देह नश्वर, आत्म्याला मरण नाही. मग हा दगड कोणासाठी? शिवाय आपल्या नामदेवरायांनी (समाधी 1350) चंद्रसूर्य मागितले नाहीत; महाद्वाराची पायरी मागितली, संतांचे पाय लागावेत म्हणून. मग वीरगळ हा अहंकारच नव्हे काय?

याचे समाधान ऐका. वीराने दगड मागितला नव्हता. तो मागे राहिलेल्यांनी उभा केला. नामदेवरायांचेच पाहा ना! 1338 साली मंगळवेढ्यास गावकूस कोसळून चोखोबा गेले, तेव्हा नामदेवराय स्वतः गेले, अस्थी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. ज्यांना जिवंतपणी राउळात पाऊल टाकू दिले नाही, त्यांना आज वारकरी आधी हात जोडतो. स्वतःला पायरी, दुसऱ्याला समाधी. हाच संतांचा न्याय. स्वतःचे नाव पुसावे, पण दुसऱ्याचे पुसले जाऊ देऊ नये.

आता कोणी म्हणेल, "महाराज, नाव गेले, वंश ठाऊक नाही, आता कशाचे देणे?" अहो, सावकाराचे नाव विसरले म्हणून कर्ज फिटते होय? उलट जो मागायला येऊ शकत नाही, त्याचे देणे फेडण्यातच खरी सचोटी.

आज कात्रज पुणे शहरात आले, घरे डोंगराला भिडली. गावोगाव जुने दगड कोणी जोत्यात घालतो, कोणी धुण्याला घेतो, कोणी भक्तीने तैलरंग फासतो आणि कोरीव काम बुजवतो. तसे करू नका. आडवा पडला असेल तर चार जणांना विचारून उभा करा, साध्या पाण्याने धुवा, मुलांना त्यावरची गोष्ट सांगा. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. पण त्याने राखलेल्या गावातच आपण नाम घेत आहोत.

रामकृष्णहरि.